वजनात न भरणारं भांडं

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकवर लादलेला संसार पाहिला, की माझी नजर आधी भांड्यांकडे जाते. भगोनी, पातेली, घागरी, बहुतेक सगळं ॲल्युमिनियमचं. आमच्याकडचे जुने लोक त्याला 'जर्मन' म्हणतात. तांब्याचा हंडा असलाच तर तो घरी राहतो, मानानं.

हिशोब साधा आहे. पाण्याचं वजन कमी करता येत नाही, भांड्याचं येतं. तांबं पाण्याच्या जवळपास ९ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट. उन्हाळ्यात लांबून पाणी आणणाऱ्या बाईला हा आकडा कुणी शिकवावा लागत नाही, तिच्या मानेला तो कळतो. शिवाय कल्हईची कटकट नाही. भांडं पडलं तर पोचा येतो, फुटत नाही. ओरखडा उठला की हवा लागताच तिथं ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, म्हणून लोखंडासारखं गंजतही नाही.

पण या पापुद्र्याचं आंबटाशी आणि खाराशी जमत नाही. काळवंडलेल्या भगोन्यात अंबाडीची भाजी शिजवा, भांडं आतून लख्ख निघतं. तो काळेपणा गेला कुठं, हे जेवताना विचारू नये! चिंचेचं सार, कढी, पापडखार घातलेलं पीठ यांना आपलं स्टीलच बरं. पातळ पत्र्याच्या भगोन्यात कण्याही तळाला लागतात, ते वेगळंच.

आहेरात नाव घालून जर्मनचं भांडं दिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि याच धातूचं टोपण १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर बसवलं होतं. तेव्हा त्याचा भाव चांदीच्या आसपास होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी आपापल्या जागी तो विजेच्या जोरावर काढायची रीत शोधली. भाव पडला आणि मानही गेला.

वीज मात्र तो आजही बकाबका खातो, किलोमागं साधारण १४ युनिट. जुनं वितळवायला त्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते, म्हणून भंगारवालाही लोखंडापेक्षा चढा भाव देतो. तरी काट्यापाशी वाद ठरलेला. भगोनं केवढं मोठं, आणि भरलं एवढंसंच? त्याचा काटा खोटा आहे, यावर आमच्या गल्लीचं एकमत आहे.