मलपी-मालवण तंटा आणि परदेशी निधीची पूर्वपरवानगी

मालवणचे पारंपरिक मच्छीमार आणि कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर (मोठं जाळं ओढणाऱ्या यांत्रिक बोटी) यांचं वैर इथे कुणाला नवं नाही. बारा सागरी मैलांच्या आत ट्रॉलर घुसले की आमची जाळी फाटतात आणि भर समुद्रात शिवीगाळ सुरू होते. दोन्हीकडच्या तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) समोरासमोर बसवायचं, वादळात एकमेकांच्या होड्यांना आसरा द्यायचं ठरवायचं, असा आमच्या छोट्या संस्थेचा प्रस्ताव एका परदेशी निधीसंस्थेला पसंत पडला. पैसे द्यायला ती तयार, पण आम्हाला घेता येईनात.

परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था सरकारच्या मान्यतेने काही हिस्सा पुढे देऊ शकायची. 2020 च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. नोंदणीसाठी मागच्या 3 वर्षांत 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. आमची उलाढाल तेवढी कुठली! म्हणून पूर्वपरवानगी मागितली: ठरलेला देणगीदार, ठरलेलं काम, ठरलेली रक्कम आणि सोबत देणगीदाराचं हमीपत्र.

घाम काढला तो विश्वस्तांच्या यादीने. एक विश्वस्त वारलेले, दोघे मुंबईत चाकरमानी, आणि धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर जुनीच नावं. बदल अर्ज मंजूर होईपर्यंत सगळं अडून राहिलं. त्यात एकाचं आधारवरचं आडनाव वेगळं, ट्रस्टच्या कागदात वेगळं. शपथपत्रांवर सगळ्यांच्या सह्या मिळाल्या त्या गणपतीत, आरती आटोपल्यावर, ओसरीवर.

अर्जात कामाचे पाच प्रकार: सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक, सामाजिक. भांडण मिटवणं यातल्या कशात बसतं? आम्ही 'सामाजिक' निवडलं. परदेशी देणगीचं खातं मात्र दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. आमचे एक जुने रापणकार (किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे) म्हणाले, "हयल्या ब्यांकेन काय घोडा मारल्यान?" दिल्लीला जावं लागत नाही, कागद इथल्या शाखेतून जातात, हे कळल्यावर शांत झाले.

परवानगी आली तरी हिशेबाचा जाच आहेच. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत, आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एफसी-4, म्हणजे परदेशी निधीचं वार्षिक विवरणपत्र. आमच्यासारख्यांनी हिशेबनिसाचा पगार आधीच अंदाजपत्रकात धरावा.

पहिली बैठक निधीसंस्थेला ऑक्टोबरमध्ये हवी होती. आम्ही जूनवर अडून बसलो. 1 जूनपासून मासेमारी बंद, तेव्हाच काय तो मलपीचा तांडेल मोकळा सापडतो.