डांबराखालचे चार रूळ

भायखळा ते दादर या पट्ट्यातल्या एका रस्त्यावर दर पावसाळ्यात खड्डे सरळ रेषेत पडायचे, रस्त्याच्या मध्यभागी, दोन समांतर ओळींत. आधी डांबराला लांबट बारीक चीर, मग चिरेत पाणी, मग चाकांखाली कडा सुटून खड्डा. ऑफिसातलं निदान ठरलेलं होतं : कंत्राटदाराने माल हलका वापरला. मास्टिक, म्हणजे गरम ओतायचं घट्ट डांबरी मिश्रण, भरून झालं होतं आणि पुन्हा भरायचा प्रस्ताव टेबलावर होता. मी चिरांना टेप लावला. मधलं अंतर साधारण दीड मीटर, आणि ते पुढे कुठेही बदलत नव्हतं. मालाच्या दोषाने पडलेल्या चिरा अशा शिस्तीत जात नाहीत. खाली न हलणारं लोखंड होतं : मुंबईची ट्राम, गेज (दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर) १४३५ मिलिमीटर. त्यात रुळांच्या माथ्याची रुंदी धरली की टेपवरचा आकडा जुळतो.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. हे सगळ्यांना पाठ असतं. गाड्या गेल्या, वरच्या तारा उतरल्या, पण बऱ्याच ठिकाणी रूळ होते तिथेच राहिले, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. रूळ काढायचे तर त्यांच्याखालचं काँक्रीट आणि दोन्ही बाजूंची दगडी फरसबंदी फोडावी लागते. डांबराचा थर चढवणं कितीतरी स्वस्त. पुढची साठ वर्षं थरावर थर चढत गेले. डांबर उन्हाने आणि वजनाने दबतं, रूळ दबत नाही, म्हणून रुळाच्या कडेवर डांबर तुटतं. वर कितीही चांगला माल टाका, खालची कड वर उमटणारच.

त्याच तुकड्यात जुन्या बिडाच्या जलवाहिनीच्या जागी ३०० मिलिमीटरची नवी वाहिनी टाकायचं काम निघालं आणि रस्ता आडवा खणायची वेळ आली. खणण्याआधी केबल लोकेटर, म्हणजे जमिनीखालच्या केबल शोधणारं यंत्र, फिरवतात. ट्रामच्या रस्त्यावर या यंत्रावर विसंबणं धोक्याचं आहे. रूळ म्हणजे सलग लांब धातू. लोकेटरने जमिनीत सोडलेला सिग्नल तोच ओढून घेतो आणि शेजारून समांतर जाणारी जिवंत केबल गप्प बसते. जमिनीच्या पोटातलं दाखवणाऱ्या रडारची ढकलगाडीही रुळाच्या दिशेने ढकलली तर पडद्यावर नुसता सपाट पट्टा दिसतो. ती रुळांना काटकोनात न्यावी लागते, तेव्हाच प्रत्येक रुळाची वेगळी कमान उमटते. आम्हाला चार कमानी दिसल्या, म्हणजे येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही मार्ग शाबूत होते.

वरून खाली थर असे निघाले : डांबर आणि मास्टिक मिळून वीतभर, त्याखाली काळ्या दगडाचे घडीव ठोकळे, ठोकळ्यांच्या मधोमध रूळ आणि रुळाखाली काँक्रीटची गादी. ठोकळ्यांचे माथे चाकांनी गुळगुळीत झाले होते, पण सांधे इतके घट्ट की पहारीचं टोक शिरेना. अशी फरसबंदी आज कुणाकडून करून घेता येईल असं मला वाटत नाही. आपण पेव्हर ब्लॉक लावतो, ते दुसऱ्या पावसाळ्यात डुगडुगतात.

ट्रामचा रूळ रेल्वेसारखा नसतो. त्याच्या माथ्याला आतल्या बाजूने खाच असते, चाकाची कड तीत चालते आणि रस्ता सपाट राहतो. ब्रिटिश मानकांतले असे रूळ वाराला ९० ते ११० पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण ४५ ते ५५ किलो, आणि साडेसहा ते सात इंच उंच. दोन रुळांचं अंतर फाकू नये म्हणून मध्ये लोखंडी पट्ट्यांचे टायबार. सांध्याला दोन रूळ जोडणारी पट्टी, फिशप्लेट, असतेच, शिवाय तांब्याचा जाड जोड असतो, कारण वरच्या तारेतून आलेली वीज गाडीतून रुळांत उतरून पॉवरहाउसकडे परतायची. सांध्यात तांबं तुटलं की परतीची वीज जमिनीत पसरते, जवळची लोखंडी वाहिनी धरते आणि जिथून ती बाहेर पडते तिथलं लोखंड खाते : वर्षभर एक अँपिअर गेला तर सुमारे ९ किलो. आम्ही काढलेली बिडाची वाहिनी बाहेरून अखंड दिसत होती, पण रुळांजवळच्या भागात स्क्रूड्रायव्हर तिच्यात पेन्सिलीच्या शिशात शिरावा तसा शिरला. लोखंड गेलेलं, ग्राफाइट उरलेलं. खारट भरावाची जमीनही बिडाचं असंच करते, त्यामुळे सगळा दोष ट्रामवर टाकता येत नाही. पण या मार्गांवरच्या जुन्या वाहिन्या आधी बदलायला घ्याव्यात, इतका पुरावा मला पुरेसा वाटतो.

खरा वाद रूळ कापण्यावरून झाला. गादीचा तळ रस्त्यापासून साधारण अर्धा मीटर खाली होता आणि वाहिनीवर मीटरभर माती हवी होती. म्हणजे वाहिनी तशीही रुळांच्या खालूनच जाणार होती. रूळ अडवत होते ते जेसीबीच्या बकेटला. कापून चर मोकळा केला तर एका रात्रीचं काम. न कापता गादीखालून हाताने बोगदा काढायचा तर तीन रात्री. रस्ता रात्री अकरा ते पहाटे पाच एवढाच मिळतो, त्यानंतर चरावर लोखंडी प्लेटा टाकून वाहतूक सोडावी लागते. बोगद्यात माती ठोकून बसवता येत नाही, म्हणून पातळ काँक्रीट ओतून पोकळी भरायची. तो खर्च अंदाजपत्रकात नव्हता. वरून निरोप आला, "भंगारच आहे, कापा." असा निरोप देणाऱ्यांच्या केबिनमध्ये जुन्या मुंबईचे ट्रामवाले फोटो फ्रेम करून लावलेले मी पाहिले आहेत.

शेवटी पश्चिमेकडचा मार्ग कापला. त्याची गादी आधीच कुणीतरी केबलसाठी फोडून मातीने बुजवली होती, त्यामुळे खाली माणूस घालणं धोक्याचं होतं. पूर्वेकडच्या मार्गाची गादी पक्की होती. तिच्याखालून हाताने गेलो.

कापणं सोपं नाही. रुळाच्या पोलादात कार्बन जास्त, कड तापून कडक होते. कटरच्या चकतीने माथा कापत असतानाच फट मिटली आणि चकती आवळली गेली, कारण काँक्रीटमध्ये जखडलेल्या रुळात ताण कोंडलेला असतो. दोन काप जवळजवळ घेऊन मधली पाचर आधी काढावी, मगच पूर्ण तुकडा. गॅस वापरायचा तर आजूबाजूचं ओलं काँक्रीट आधी फोडून दूर करावं, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन कपच्या तोंडावर उडतात. खाचेत साठलेलं डांबर खरवडलं नाही तर ते पेट घेतं.

चर उघडा असताना गर्दी जमायची. मोबाइलवर फोटो काढत सगळे हळहळायचे, ट्राम बंद करायला नको होती म्हणायचे. ती हळहळ खोटी नव्हती. पण ट्राम रस्त्याच्या मधोमध चालायची, उतारूंना वाहनांच्या गर्दीतच चढावं-उतरावं लागायचं, आणि मोटारी वाढल्यावर त्यांना हटवून ट्रामसाठी वेगळी वाट ठेवायची तयारी शहराने दाखवली नाही. आज मेट्रोसाठी ती तयारी आपण अफाट खर्च करून दाखवतो आहोत.

कापलेले तुकडे रात्रीत गायब होतात, म्हणून कंटेनरला कुलूप लावलं. त्याआधी रुळाच्या उभ्या पोटावर तारेचा ब्रश मारला आणि खडू आडवा घासला. टॉर्च बाजूने तिरका धरला की कारखान्याची उठावातली अक्षरं वाचता येतात. आमच्या तुकड्यावर शेवटचे आकडे गंजाने गेले होते. काप नेहमी या अक्षरांपासून हातभर दूर घ्यावा. गेज, माथ्याची पातळी, सांध्याची जागा आणि जवळच्या इमारतीपासूनचं अंतर असं सगळं नकाशावर चढवलं. पण काम संपल्यावर भरायच्या नकाशात वाहिन्या, केबल, गटार यांचे रकाने आहेत, रुळांचा नाही. मी ते शेऱ्यात लिहिलं. शेरा पुढच्या नकाशात कॉपी होत नाही.

हा रस्ता आता काँक्रीटचा होणार आहे. पूर्वेकडचे दोन रूळ आणि त्यांचा तांब्याच्या जोडासकट शाबूत असलेला एक सांधा अजून तिथेच आहे. नवा थर टाकायला खोदाई सुरू होईल तेव्हा मधली पाच मीटरची पट्टी ब्रेकरने न फोडता आधी हाताने उघडा, आणि ठोकळे डंपरमध्ये भरण्याआधी मोजून बाजूला रचा, असं पत्र मी दिलं आहे. त्यावर अजून सही झालेली नाही.