आमची वाटचाल : एक्स्पेलर, ॲसिड व्हॅल्यू आणि स्पिरिटची बाटली

आमचा धंदा एरंडेल काढायचा. पहिला एक्स्पेलर, म्हणजे दाणे दाबून तेल काढायचं यंत्र, जुनाच घेतला होता. वर्म (दाणे दाबणारा आतला स्क्रू) झिजलेला, केजच्या (त्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या) पट्ट्या ढिल्या. भागीदार होते आमचे मिस्त्री. त्यांनी घातलेलं भांडवल थोडं, पण कान तयार. आवाज बदलला की लांबूनच सांगायचे, "पेंड निघते तिथला कोन अर्धा आटा सोडा, पेंड जाड येऊ द्या." पेंडीचा तुकडा मोडून त्यात तेल किती राहिलंय याचा अंदाज करायचे. एरंडीत ४५ ते ५० टक्के तेल, पण नुसत्या दाबाने सगळं निघत नाही. उरलेलं हेक्झेन या द्रावकाने ओढायचं काम सॉल्व्हंट प्लांटचं. त्या वाटेला आम्ही गेलो नाही. एरंडीतलं विष, रायसिन, तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. त्यामुळे आमची पेंड खतालाच जायची. कुणी गुरांसाठी मागितली तर मिस्त्री त्याला फाटकाबाहेर काढायचे.

पहिली सहा वर्षं बरी गेली.

सातव्या पावसाळ्यात फुटक्या दाण्याचा ओलसर लॉट स्वस्तात मिळाला आणि मी घेतला. मिस्त्री नको म्हणत होते. एरंडीच्या दाण्यातच लायपेज नावाचं एन्झाइम असतं. दाणा फुटला, ओल लागली की ते तेल तोडायला लागतं. कुकरमध्ये शिजवलं की ते मरतं. पण नेमकी मोटर जळाली आणि भरड न शिजवता दोन दिवस पडून राहिली. पहिल्या ग्रेडला ॲसिड व्हॅल्यू (तेल तुटून सुटलेल्या आम्लाचं माप) २ च्या आत लागते, आमची ५ च्या वर गेली. मग ते आम्ल मारायला मी घाईघाईने कॉस्टिक सोडा मारला. त्याने आम्लाचा साबण होतो. दुसऱ्या तेलात साबण खाली बसतो. एरंडेलात तो तेलातच मुरतो, आणि धुवायला पाणी घातलं की सगळ्याचा लोण्यासारखा गोळा होतो. ब्लीचिंग अर्थ (रंग काढणारी माती) आणि कार्बन घालून फिल्टर प्रेसमधून काढलं, रंगाला छान दिसलं, आणि पाठवून दिलं. हायड्रोजिनेशनवाल्याचा (तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट करणाऱ्याचा) निकेल कॅटॅलिस्ट त्या साबणाने निकामी झाला. टँकर परत आले.

इथपर्यंत चूक माझी, ती मी कधी नाकारली नाही. पण आमच्याच धंद्यातल्या एका गृहस्थांनी (नाव घेत नाही, वाचतील तेव्हा ओळखतील) बाजारात सोडून दिलं की आम्ही सरकीचं तेल मिसळतो. ॲसिड वाढणं वेगळं, भेसळ वेगळी. हा फरक धंद्यातल्या माणसाला सांगावा लागतो का? पण दोन महिन्यांत चार गिऱ्हाइकं गेली, बँकेचे फोन सुरू झाले, आणि मिस्त्रींनी घरचे दागिने आणून टेबलावर ठेवले. मी ते परत पाठवले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वाचवलं ग्रीसवाल्या शेठनी. त्यांचं सगळं लिथियम ग्रीस १२-हायड्रॉक्सी स्टिअरिक या एरंडेलापासून बनणाऱ्या आम्लावर चालायचं, म्हणजे मुळात आमच्यासारख्यांच्या तेलावर. स्वतः गेटवर आले, खिशातून ९५ टक्के स्पिरिटची (अल्कोहोलची) बाटली काढली. एक भाग तेल, चार भाग स्पिरिट, हलवलं. पाण्यासारखं स्वच्छ. एरंडेल स्पिरिटमध्ये विरघळतं, सरकी गढूळ करते. "भेसळ नाही," म्हणाले, "पण ॲसिड मला २ च्या आतच लागेल. त्यात सूट नाही." आणि नवी ऑर्डर तिथेच लिहून दिली.

नवीन मंडळींना, कुणी विचारलं नसलं तरी, सांगतो: रंग बघून तेल घेऊ नका. हायड्रॉक्सिल व्हॅल्यू (तेलातल्या हायड्रॉक्सिल गटांचं माप) १६० च्या आसपास आहे का ते बघा, भेसळ तिथेच पकडली जाते. फिल्टरचं कापड वेळेवर बदला, त्यात पैसे वाचवायला जाऊ नका. आणि घट्ट तेल गार असताना प्रेसला लावू नका, पंप रडतो.

आता आमचं तेल रंगवाल्यांकडे, पॉलियुरेथेनवाल्यांकडे, कापड रंगवणाऱ्यांकडेही जातं. मिस्त्रींचा एक्स्पेलर बदललाय. जुना वर्म ऑफिसात ठेवलाय. तेव्हा गेलेल्या चारांपैकी तिघं परत आले, काही घडलंच नाही अशा थाटात भाव विचारत. त्यांना तेल देतो. उधारीवर मात्र नाही.