घराचा प्लॅन सॉफ्टवेअरमध्ये काढताय? आधी मापं, मग भिंती, थ्रीडी सगळ्यात शेवटी

सॉफ्टवेअर उघडलं की हात आपसूक फर्निचरच्या यादीकडे जातो. दोन-चार भिंती ओढायच्या, सोफा ठेवायचा, थ्रीडी फिरवून बघायचं. दिसतं छान, पण असा प्लॅन सुतारापुढे किंवा गवंड्यापुढे ठेवता येत नाही, कारण त्यातल्या खोल्या खऱ्या खोल्यांएवढ्या नसतात. चूक बहुतेक वेळा दोनच ठिकाणी झालेली असते: मापं घेताना आणि भिंतीची जाडी भरताना. म्हणून इथे त्यावर जास्त लिहिलंय. उदाहरणं स्वीट होम थ्रीडीची घेतली आहेत, कारण ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. स्केचअप किंवा ऑटोकॅड वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

बांधलेल्या घराची मापं घेताना प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. हे काम लोक टाळतात आणि पुढे तेच नडतं. ४ मीटर बाय ३ मीटरची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५ मीटर भरतात. कोपरा फक्त एका अंशाने चुकला असेल तर एक कर्ण साधारण ५.०४ आणि दुसरा ४.९६ मीटर येतो, म्हणजे ८ सेंमीचा फरक. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण ३ मीटरच्या भिंतीवर तो ५ सेंमी होतो आणि भिंतीला चिकटून बसायचं कपाट एका टोकाला फट सोडतं. लेझर मीटर वापरत असाल तर तो माप पुढच्या कडेपासून धरतोय की मागच्या, हे आधी बघून घ्या. बहुतेक यंत्रांत ते बदलता येतं, आणि चुकीचं राहिलं तर प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीएवढी चूक शिरते. खिडकीचं माप घेताना रुंदी-उंचीबरोबर जमिनीपासून सिलची (खिडकीच्या खालच्या कडेची) उंची आणि जवळच्या कोपऱ्यापासूनचं अंतरही लिहा. बीम खाली उतरलेले असतील तर त्यांच्या तळाची उंचीही हवी.

एकक सुरुवातीलाच ठरवा आणि मध्येच बदलू नका. आमचा आग्रह मिलिमीटरचा, कारण त्यात दशांशचिन्हाची भानगडच राहत नाही. फुटांत काम करणाऱ्यांकडून एक चूक हटकून होते: १० फूट ६ इंच हे १०.६ असं टाईप केलं जातं. १० फूट ६ इंच म्हणजे १०.५ फूट, ३२०० मिमी. १०.६ फूट म्हणजे ३२३१ मिमी. तीस मिलिमीटर कुठून वाढले हे मग शोधून सापडत नाही.

आता भिंती. स्वीट होम थ्रीडीमध्ये भिंत ओढताना जी रेघ आपण देतो ती भिंतीच्या जाडीच्या मधोमध असते. टेपने मात्र आपण आतलं माप घेतलेलं असतं, पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंत. समजा खोली आतून ३००० मिमी आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती २३० मिमीच्या आहेत. थेट ३००० टाईप केलं तर दोन्हीकडून ११५ मिमी आत येतात आणि खोली उरते २७७० मिमीची. टाईप करायला हवं होतं ३२३०. एका बाजूला २३० ची बाहेरची आणि दुसऱ्या बाजूला १०० ची आतली भिंत असेल तर ३००० + ११५ + ५० = ३१६५. हा हिशोब कागदावर आधी करून ठेवा, प्रत्येक खोलीसाठी. जाडी गिलाव्यासकट धरायची की नुसत्या विटेची, हेही एकदाच ठरवा. आतली सजावट करायची असेल तर गिलाव्यासकट, नवं बांधकाम असेल तर यातलं काय धरलंय ते प्लॅनवर स्पष्ट लिहा.

भिंतीची जाडी या सॉफ्टवेअरमध्ये मुळात ७.५ सेंमी आणि उंची २५० सेंमी ठेवलेली असते. पहिली भिंत ओढण्याआधी प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेस) जाऊन ती आपल्या घराप्रमाणे बदला. नंतर एकेक भिंत जाड करत बसलात तर ती मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना फुगते आणि सगळ्या खोल्या थोड्या थोड्या आक्रसतात. माऊसने अंदाजाने ओढण्याऐवजी सुरुवातीचा बिंदू देऊन एंटर दाबा. लांबी, कोन आणि जाडी भरायच्या चौकटी येतात, त्यांत आकडे टाका. चुंबकाची सोय चालू असेल तर रेघ १५ अंशांच्या टप्प्यांवर खेचली जाते. सरळ घरासाठी ते सोयीचं, पण तिरक्या भिंतीचा कोन मात्र हातानेच टाईप करावा. भिंती जुळल्या की खोलीचं साधन निवडून आत डबल क्लिक करा. खोली आपोआप तयार झाली नाही तर समजायचं की कुठेतरी दोन भिंतींची टोकं जोडलेली नाहीत. ही चाचणी इतकी सोपी आहे की प्रत्येक खोलीसाठी करावी. मग माप-रेषेने आतलं अंतर मोजून वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

जुना छापील प्लॅन गिरवायचा असेल तर तो स्कॅन करा. फोनने तिरका काढलेला फोटो एका बाजूला आकसतो आणि मग कुठलंच प्रमाण जुळत नाही. चित्र पार्श्वभूमीला घेतल्यावर सॉफ्टवेअर एक रेघ ओढून तिची खरी लांबी विचारतं. ही रेघ माहीत असलेल्या सगळ्यात लांब मापावर ओढा. १ मीटरच्या दारावर ओढताना १ सेंमीची चूक झाली तर १० मीटरवर ती १० सेंमी होते. तीच चूक ८ मीटरच्या बाहेरच्या भिंतीवर झाली तर १० मीटरवर सव्वा सेंमीच. स्केचअपमध्ये टेप मेजरने दोन बिंदू मोजून खरी लांबी टाईप केली की सगळं मॉडेल त्या प्रमाणात बदलतं, तिथेही हाच नियम पाळा.

दारं-खिडक्या भिंतीवर सोडल्या की आपोआप वळून बसतात, पण त्यांची मापं यादीतलीच राहतात. रुंदी, उंची आणि खिडकीची जमिनीपासूनची उंची प्रत्येक वेळी भरा. दार उघडतानाची कमान कशावर आपटते का ते बघा. दोन दारं एकमेकांत अडकणं आणि दारामागे स्विचबोर्ड जाणं या दोन गोष्टी कागदावर पकडल्या तर फुकटात सुटतात.

जिन्यावर मात्र वेळ द्या. यादीतला तयार जिना उचलून ठेवणं हा हमखास फसणारा प्रकार आहे. जिन्याची उंची म्हणजे खालच्या लादीपासून वरच्या लादीपर्यंत, त्यात स्लॅबची जाडीही आली. छताची उंची २८५० आणि स्लॅब १५० असेल तर जिना ३००० मिमीचा. १८ उठाव (पायरीच्या उभ्या बाजू) धरले तर प्रत्येक उठाव सुमारे १६७ मिमी. पायऱ्या, म्हणजे पाय ठेवायच्या आडव्या जागा, एक कमी, म्हणजे १७, कारण शेवटचा उठाव वरच्या मजल्यावरच संपतो. पायरी २७५ मिमी रुंद धरली तर सरळ जिन्याला ४६७५ मिमी लांबी लागते. दोन उठाव आणि एक पायरी यांची बेरीज ६०० ते ६४० मिमीच्या दरम्यान असली की चढणं सोपं जातं. इथे ती ६०९ येते.

पुढची गोष्ट वरून बघितलेल्या प्लॅनमध्ये दिसतच नाही, ती म्हणजे डोक्यावरची मोकळी जागा. याच जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभं राहिलं तर स्लॅबच्या तळापर्यंत साधारण २०१७ मिमी मिळतात, सहाव्या पायरीवर १८५०. म्हणजे स्लॅबमधली मोकळीक (जिन्यासाठी सोडलेली उघडी जागा) सहाव्या पायरीच्या आधीच सुरू व्हायला हवी, नाहीतर डोकं आपटणार. ही मोकळीक नंतर वाढवायची तर वरची एक खोली लहान होते, म्हणून जिना ठरेपर्यंत वरच्या मजल्यावर काही काढू नका.

एक गोष्ट कुठलंही घर सजवायचं सॉफ्टवेअर सांगत नाही: कुठली भिंत वजन पेलते. ते कुठलीही भिंत निमूटपणे पुसू देतं. भिंत पाडायचा बेत असेल तर प्लॅन घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा, त्याच्या होकाराशिवाय हातोडा लावू नका.

फर्निचर ठेवताना यादीतल्या पलंगाला आपल्या पलंगाची मापं द्या. पलंगाच्या बाजूने किमान ६०० मिमी चालायला हवेत, स्वयंपाकघरात समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये ११०० ते १२००. थ्रीडीमध्ये कॅमेरा डोळ्याच्या उंचीला ठेवा आणि दृश्याचा कोन फार रुंद करू नका, कारण रुंद कोनात लहान खोलीही दालनासारखी दिसते आणि निर्णय चुकतो.

छापताना प्रमाण स्वतः ठरवा. १:५० म्हणजे कागदावरचा १ मिमी हा खरा ५० मिमी. १:५० ला ए३ कागदावर जेमतेम २१ बाय १४.८५ मीटर बसतात, समास सोडून त्याहून कमी. मोठं घर असेल तर १:१०० घ्या. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ चालू राहिलं तर प्रमाण गुपचूप बदलतं. म्हणून प्लॅनच्या कोपऱ्यात ५ मीटरची एक पट्टी काढून ठेवा. १:५० ला ती कागदावर बरोबर १०० मिमी भरली पाहिजे. पट्टी लावून मोजा, आणि ९७ भरली तर तो कागद साइटवर नेऊ नका, सेटिंग बदलून नवा छापा.