“पप्पा मला कधी नेणार?”

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर) मे महिन्यात चर्चमध्ये व्हीबीएस असतं, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. सकाळी कृतीगीतं, मग गोष्ट, सुवर्णवचन, क्राफ्ट, खाऊ, आणि उन्ह चढायच्या आत पोरं घरी. मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते आणि व्हीबीएसचं नियोजनपण माझ्याकडेच असतं. हे आहे एका वर्षाच्या ‘आज्ञापालन’ विषयाच्या दिवसाबद्दल, आणि संडे स्कूल घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

त्या दिवशी गोष्ट होती बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्ती 22 ची. देव अब्राहामाची परीक्षा बघायला त्याचा मुलगा इसहाक मोरियाच्या डोंगरावर अर्पण करायला सांगतो, ती. ठरलेल्या पाठाप्रमाणे गोष्ट झाली, पोरांनी ‘देव पाहून देईल’ हे मोठ्याने म्हणून दाखवलं, मग रंगवायला चित्र दिलं. वेदीवर बांधलेला मुलगा, सुरा उगारलेला बाप, मागे झुडपात अडकलेला एडका. सगळे रंगवत बसले, कोणी एडक्याला गुलाबी केलं, कोणी अब्राहामाची दाढी निळी. तिसरीतला एक मुलगा मात्र खाली मान घालून पेनाने काहीतरी खरडत होता. जवळ जाऊन बघितलं तर बाकी चित्र कोरंच होतं, फक्त सुरा इतका गिरवून काढला होता की कागद तिथे फाटला होता आणि खालच्या सतरंजीवर शाईचा डाग पडलेला. मी काही बोलायच्या आत त्यानेच हळूच विचारलं, “टीचर, मला पण देवाला दिलेलं आहे. पप्पा मला कधी नेणार?”

माझ्या पोटात गोळाच आला. त्याला बाहेर लिंबाच्या झाडाखाली घेऊन बसले. विचारलं कोण म्हणलं असं, तर म्हणे मम्मी सगळ्यांना सांगते, मी पोटात होतो तेव्हाच दिलं म्हणून. मग लक्षात आलं. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा आईने बायबलमधल्या शमुवेलाच्या आईसारखा, हन्नासारखा नवस केला होता की मुलगा झाला तर तो तुझ्या सेवेसाठी देईन. आपल्या ख्रिस्ती घरांत हे नवीन नाही, ‘हा आमचा पाळक होणार’, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, असं पाळण्यापासूनच सांगणारी कितीतरी घरं मी बघितलीत. सांगणाऱ्यांच्या मनात प्रेमच असतं. पण या लेकराने घरी ते ऐकलं, चर्चमध्ये हे ऐकलं आणि दोन्ही जोडलं. आठ वर्षांच्या डोक्याने अजून काय करावं?

मी त्याला आधी एवढंच सांगितलं की तुला कोणीही कुठेही नेणार नाहीये, आणि देवाने त्या डोंगरावर दूताकरवी हाक मारून बापाला थांबवलं, मुलाला हात लावू नकोस म्हणला. आजूबाजूची माणसं तेव्हा आपल्या दैवतांना लेकरं द्यायची, आपल्या देवाला ते नको होतं, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात तर देव स्वतः म्हणतो की असली गोष्ट माझ्या मनातसुद्धा आली नाही. मग शमुवेलाची गोष्ट सांगितली, कारण देवाला वाहिलेला मुलगा म्हणजे खरा तो. त्याची आई दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची, हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागला. “दर वर्षी नवीन?” म्हणे. म्हणलं हो, तो वाढत होता ना, जुना आखूड होत असणार. “मग तो घरी यायचा का?” नाही, तो शिलोला देवाच्या घरातच एली याजकाजवळ राहायचा, खोटं कशाला सांगू. थोडा वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, “त्याला विचारलं होतं का?”

हा प्रश्न भल्याभल्यांनी विचारलेला नाही! मी म्हणलं आईने नाही विचारलं, तेव्हा तो फारच लहान होता, पण देवाने विचारलं. रात्री नाव घेऊन हाक मारली. तीन वेळा शमुवेल उठून एलीकडेच पळाला, तरी देव त्याच्यावर रागावला नाही, परत आला आणि परत हाक मारली, आणि चौथ्या वेळेला शमुवेलाने स्वतःच्या तोंडाने उत्तर दिलं, बोल, तुझा दास ऐकत आहे. आईच्या नवसावर देवाने काम भागवलं नाही. “म्हणजे मला पण हाक आल्यावर सांगायचं?” हो बाळा, तेव्हा तू सांगायचं. मग तो खाऊ घ्यायला गेला.

संध्याकाळी पाळक साहेबांना घेऊन त्यांच्या घरी गेले. आई ऐकता ऐकताच रडायला लागली, म्हणे टीचर, माझं लेकरू एवढं भ्यालं आणि मला कळलं नाही. वडील मात्र ताठ होते. चांगला माणूस, रोज घरी प्रार्थना घेणारा, बायबलमधलं उपदेशक 5 त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं की नवस केला तर फेडायला उशीर करू नको. मुलाला विचारायचं काय त्यात, आज्ञाधारक मूल आईबापाचं ऐकतं. पाळक साहेब शांतपणे म्हणले, भाऊ, नवस तुमचा आहे, तो तुम्ही फेडा, त्याला प्रभूत वाढवा, शास्त्र शिकवा, त्याच्यासाठी गुडघे टेका, पण त्याचा होकार तुमच्या खिशात नाहीये. आणि मग त्यांनी बायबलच्या शास्ते पुस्तकातला इफ्ताह काढला, नवस बापाने केला आणि भोगलं मुलीने. खोलीत कोणीच काही बोललं नाही.

मला त्या घरात अजून एक सांगायचं होतं ते मी सांगितलं. शमुवेलाच्याच पुस्तकात एलीची मुलं आहेत ना, होफनी आणि फिनहास. जन्माने याजक, देवाच्या घरातच वाढलेले, आणि अर्पणाच्या मांसावर डल्ला मारायचे. पुढे शमुवेलाची स्वतःची मुलं, योएल आणि अबीया, बापाने न्यायाधीश करून बसवली तर लाच खायला लागली. सेवा वारशाने देता आली असती तर शमुवेलाला जमलं नसतं का? आपल्या नगरच्या मातीतलंच बघा म्हणलं, रेव्हरंड टिळकांनी (कवी ना. वा. टिळक) 1895 ला बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागे फरफटत गेल्या नाहीत, काही वर्षांनी स्वतःचं मन झालं तेव्हा त्यांनी घेतला, आणि म्हणूनच त्यांचा विश्वास कुणाच्या आधारावर उभा नव्हता. आपल्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आईबाप बोलतात, पण कन्फर्मेशनला, म्हणजे मोठं झाल्यावर विश्वास कबूल करायच्या विधीला, मूल स्वतः उभं राहून बोलतं. 1970 ला नागपूरला आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यात बाप्टिस्टपण होते, म्हणून मोठं झाल्यावर ठरवून घेतलेला बाप्तिस्मापण चालतो. दोन्हीकडे त्या माणसाचा स्वतःचा होकार येतोच.

वडील म्हणले विचार करतो. त्या दिवशी तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या मुलांच्या वर्गात उत्पत्ती 18 घेतलं, जिथे तोच अब्राहाम सदोम शहराचा नाश होऊ नये म्हणून देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान असले तर, पंचेचाळीस असले तर, करत करत दहावर येतो आणि देव दर वेळेला ऐकून घेतो. हे आधी सांगितलं की मग बाविसावा अध्याय वेगळाच ऐकू येतो. इतक्या वर्षांची ओळख असलेल्या देवावर त्याचा भरवसा होता, म्हणून तर डोंगराखाली चाकरांना म्हणतो की आम्ही परत येऊ. आम्ही! आणि इसहाकसुद्धा वाटेत विचारतोच की कोकरू कुठाय, बाप त्याला गप्प बस म्हणत नाही. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, मग एदेन बागेत ते मना केलेलं झाड लावलंच कशाला, देवाला माहीत नव्हतं का. देव आधी निवडतो की माणूस, यावर मोठमोठ्या विद्वानांनी शेकडो वर्षं वाद घातलाय, तो काही मी व्हीबीएसमध्ये सोडवणार नव्हते. मी म्हणलं नाही म्हणायची सोयच नसती तर आदाम-हव्वेच्या हो ला काय किंमत होती? ती म्हणे पण खूप महागात पडलं. पडलंच. देवालापण पडलं, क्रूसापर्यंत.

त्याच वर्गात फारोचं न ऐकणाऱ्या सुइणी शिप्रा आणि पुवा, आणि राजाच्या मूर्तीला न वाकणारे शद्रख, मेशख, अबेदनगोपण घेतले. मोठ्यांचं ऐका एवढंच शिकवून आपण पोरांना बाहेरच्या जगात पाठवतो, आणि कोणी मोठं माणूस वाईट वागलं तर नाही म्हणायचं, पळायचं, घरी येऊन सांगायचं हे त्यांना कोण शिकवणार? इफिसकर सहाचं पहिलं वचन, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा, सगळ्या पोरांना पाठ असतं, चौथं, बापांनो मुलांना चिरडीला आणू नका, ते आईबापांना पाठ करायला लावायला पाहिजे.

आता आमच्याकडे उत्पत्ती 22 सहावीच्या पुढेच घेतात, आणि अठरावा अध्याय झाल्याशिवाय नाहीच. सुऱ्याचं चित्र बंद केलं. लहान गटाला शमुवेलाची हाक असते. त्या मुलाच्या वडिलांचं अजून पूर्ण पटलेलं नाही, भेटले की उपदेशक 5 काढतात आणि मी इफ्ताह काढते, पण लोकांसमोर ‘हा आमचा पाळक’ म्हणून ओळख करून देणं त्यांनी थांबवलंय. मुलगा यंदा आमच्या व्हीबीएसला सगळ्यात पुढे बसला होता. शमुवेलाच्या नाटकात त्याला एलीचं काम पाहिजे होतं, कारण एलीला दाढी लावायला मिळते.