ग्वाल्हेर : किल्ला वरून खाली उतरा, आणि तानसेनाची कबर कुठली ते आधी नीट विचारून घ्या

आधी मुद्द्याचं सांगते. ग्वाल्हेरच्या हजिरा भागातल्या बागेत शिरल्यावर समोर जी भव्य इमारत दिसते, मोठा घुमट, चारी कोपऱ्यांना षटकोनी बुरूज, चहूबाजूंनी दगडी जाळ्या, ती तानसेनाची नाही. ती मुहम्मद ग़ौस यांची, म्हणजे तानसेन ज्यांना मानत होता त्या सूफी संतांची. तानसेनाची कबर बाजूला आहे, एका ओट्यावर, उघड्या खांबांखाली, इतकी साधी की माहीत नसेल तर माणूस समोरून निघून जाईल. मला गेटवर एकाने "तानसेन दिखाता हूँ" म्हणून दोनशे रुपये घेतले आणि थेट मोठ्या इमारतीत नेऊन सोडलं. मी वीस मिनिटं तिथे डोळे मिटून बसले, मनात तानसेनाचा मियां की तोडी राग आळवत, आणि बाहेर आल्यावर चादरी विकणाऱ्या एक म्हातारबाई म्हणाल्या, "बेटी, मियाँ तानसेन तो उधर हैं." मला रडूच आलं. कुठल्या पवित्र जागी बसले याचं वाईट नाही, ग़ौस साहेबांच्या पायाशी बसणं हेही भाग्यच, पण मिरजेहून इतक्या लांब ज्याच्यासाठी आले त्याच्यापासून पन्नास पावलांवर कुणीतरी पैसे घेऊन मला भलतीकडेच बसवलं याचा राग अजून गेलेला नाही. गाईड घेऊ नका. बागेला गाईड लागतच नाही.

आता मिरजेच्या माणसाला ग्वाल्हेर कशाला, तर आमच्याकडचं गाणं तिथूनच आलंय. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर घर सोडून उत्तरेला गेले, ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी घेऊन परत आले. त्यांच्यापाशी मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिकडे हस्सू खाँचे भाऊ हद्दू खाँ, त्यांचे चिरंजीव रहिमत खाँ सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांबरोबर फिरत फिरत अखेरीस कुरुंदवाडात राहिले, म्हणजे आमच्यापासून एसटीने तासाभराच्या आत. लहानपणापासून ही नावं ऐकतेय, म्हणून उलट्या दिशेने जाऊन यायचं होतं.

मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट ग्वाल्हेरला जाते, गाडी बदलायची गरज नाही, पण पोचते अपरात्री, त्यामुळे राहायची जागा आधी ठरवा आणि स्टेशनवर ऑटोवाल्याशी पैसे बोलून मगच बसा. मी लष्करात आत्याकडे होते. लष्कर म्हणजे शिंद्यांची छावणी, तिथे अजून मराठी वाडे आहेत आणि आत्याचं मराठी अर्धं हिंदी झालंय तरी पोळीला ती पोळीच म्हणते. बाडा, म्हणजे महाराज बाडा, तिथून चालत दहा मिनिटं.

आता किल्ला. इथे मी दुसऱ्यांदा फसले आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. बाड्यावरून ऑटो केली, स्पष्ट सांगितलं की वर मान मंदिर राजवाड्यापर्यंत सोडायचं, साडेतीनशे ठरले. त्याने मला पूर्वेच्या बाजूला ग्वाल्हेर गेटशी उतरवलं आणि म्हणाला गाड़ी ऊपर नहीं जाती, बस पाँच मिनट का पैदल है. पाच मिनिटं! त्या बाजूने गाडी वर जात नाही हे खरंच आहे, पण त्याला ते बाड्यावरच माहीत होतं. गाडी जाते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने. मी वाद घातला, शेवटी पैसे दिले आणि चढायला लागले.

चढ कसा आहे ते सांगते. दगडी फरसबंदीचा रस्ता, शतकानुशतकं पायांनी आणि जनावरांनी घासून गुळगुळीत झालेला, कुठेही सपाट टप्पा नाही, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खाली शहर. एकामागून एक दरवाजे लागतात आणि प्रत्येक वेळी वाटतं हाच शेवटचा. मी सिंहगड पायी चढणारी आहे, तरी मला चाळीस मिनिटं लागली कारण अकरा वाजले होते आणि डिसेंबरातही त्या भिंतीवर ऊन थेट येतं, पाठीवर पिशवी, पायात सपाट तळाचे बूट जे त्या दगडावर सटकत होते. दोनदा हात टेकावा लागला. गुडघे दुखणाऱ्यांनी हे करू नये, सरळ सांगते.

आणि याच चढावर, अगदी लक्ष्मण दरवाज्याजवळ, एक गोष्ट आहे जी गाडीने जाणाऱ्यांना दिसतच नाही. चतुर्भुज मंदिर. एका दगडातून कोरलेलं, आपल्या गावाकडच्या देवळाच्या गाभाऱ्याएवढं. आत भिंतीवर इसवी सन ८७६ चा लेख आहे, देवळाला बागेसाठी दिलेल्या जमिनीचा आणि रोजच्या हारांचा. जमीन २७० हात बाय १८७ हात, रोज ५० हार. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज लिहितो तसंच, छोटं गोल. मी बोटाने हवेत गिरवून बघितलं. ज्याने हे कोरलं त्याला आपण काही विशेष करतोय असं वाटलंही नसेल, त्याला हारांचा हिशोब लिहायचा होता. तिथे मी बराच वेळ थांबले, दम खायला म्हणूनही आणि नुसतं बघायला म्हणूनही.

तर माझा सल्ला एकच. गाडीने उरवाईच्या बाजूने वर जा, ऑटोवाल्याला "उरवाई गेट से ऊपर" असंच सांगा, नुसतं किल्ला म्हणू नका. वाटेत कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. वर मान मंदिर बघा, राजा मानसिंह तोमरचं, निळ्या फरशांची बदकं आणि हत्ती अजून टिकून आहेत, ध्रुपदाला थारा देणारा हाच राजा. मग हत्ती पोळ दरवाज्यातून पायी खाली उतरा, चतुर्भुज मंदिर, मग तळाशी गुजरी महाल (तिथलं म्युझियम सोमवारी बंद, सोमवार टाळाच), आणि ग्वाल्हेर गेटमधून बाहेर. तिथून तानसेनाची कबर चालत पंधरा-वीस मिनिटं. मी उलटं केलं आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांत गोळे.

तानसेन समारोह डिसेंबरात असतो, तिकीट नाही, पुढे बसायचं तर तासभर आधी जा. पण रात्रीच्या सभेपेक्षा उद्घाटनाची सकाळ सोडू नका. थंडी मरणाची, धुकं, शहनाई सुरू झाली तेव्हा खांब सुद्धा नीट दिसत नव्हते. मग ढोलीबुवा मठाच्या महाराजांची हरिकथा. आपल्या नारदीय कीर्तनाची पद्धत, आणि ती कुठे, तर एका गवयाच्या कबरीशी, सूफी दर्ग्याच्या आवारात. ती चालू असताना बाजूला मौलाना आणि त्यांची मंडळी शांत बसलेली, आपली पाळी यायची वाट बघत, आणि हरिकथा संपल्यावर त्यांचा मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, झाला, मग चादर चढवली. कुणी त्यावर भाषण केलं नाही. वर्षानुवर्षं असंच चालतं म्हणून चाललं.

चिंचेचं सांगायलाच हवं. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो असं म्हणतात आणि पिढ्यान्पिढ्या गवई तो खात आले. जुनं झाड कधीच गेलंय, आता जे आहे ते नंतर लावलेलं. पाला तोडू नका. मी नाही तोडला.

गळ्याचं जे मिळायचं ते मला आत्याच्या वाड्यातल्या काकांकडून मिळालं. ऐंशी पार, ग्वाल्हेर गायकी घरातच. मी म्हटलं यमन म्हणते, आणि सवयीने षड्ज लावून आलाप सुरू केला तर त्यांनी हात वर केला. "थांब बेटा. बंदिश कुठे आहे? आधी पूर्ण अस्ताई म्हण, मग पूर्ण अंतरा म्हण, मग फिर कुठे फिरायचंय तिथे." अस्ताई म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, अंतरा दुसरा. मग स्वतः म्हणाले, तिलवाडा तालात, खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून. आवाज फाटलेला होता पण उघडा, आकार स्वच्छ, कुठे लपवाछपवी नाही. दोन्ही भाग भरून झाले तेव्हा मला राग समोर उभा दिसला, आता विस्तार कुठून कुठे जाणार हे आधीच कळलं होतं. सहा वर्षं माझ्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं, मला ते शिस्त वाटायचं. ते शिस्त नाही, तो नकाशा आहे. काका म्हणाले अनवट राग गाऊन लोकांना थक्क करणं आमच्याकडे कधी मोठेपणाचं नव्हतं, यमन, भैरव, बिलावल हेच आयुष्यभर गा. मग निस्सार हुसेन खाँची गोष्ट सांगितली, त्याच घराण्यातल्या नत्थू खाँचे दत्तक पुत्र, ते शंकरराव पंडितांच्या ब्राह्मण घरात राहिले आणि तिथेच विद्या दिली, त्यातूनच कृष्णराव शंकर पंडित तयार झाले, ९६ वर्षं जगले. काका त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले.

एवढ्यासाठी ग्वाल्हेरला जा. लष्करात ओळख असेल तर ती वापरा, नसेल तर महाराष्ट्र समाजात चौकशी करा, जुनं गाणं ऐकलेली माणसं अजून आहेत.

सरोद घर बघितलं, सरोदवादक हाफिज अली खाँचं घर, जुनी वाद्यं आहेत, तासभर पुरतो, छान आहे. भातखंड्यांनी १९१८ मध्ये सुरू केलेलं माधव संगीत महाविद्यालय बाहेरूनच पाहिलं. एक दिवस नुसता आत्याकडे ऊन खात गजक खाण्यात गेला. बेहट, तानसेनाचं गाव, साधारण ४५ किलोमीटर, समारोहाची एक सकाळची सभा तिथे होते, झिलमिल नदीकाठी वाकडं शिवमंदिर आहे जे त्याच्या गाण्याने कललं म्हणतात. गाडीवाल्याने अडीच हजार सांगितले, दोघा-तिघांत वाटून घेतलेत तर जा, एकटीने देऊ नका. मी दिले आणि सभा ऐकून पैसे विसरले, पण ती त्या दिवसाची गोष्ट, तुम्ही वाटूनच घ्या.

परतीची गाडी दिल्लीकडून येते, धुक्याने साडेचार तास लेट होती. पुढचं काही त्याच दिवशी ठरवू नका. स्टेशनवर बाकडी दगडाची आहेत, खाली घालायला एक आणि अंगावर एक अशा दोन शाली घ्या. मी तिथे बसून काकांचा अंतरा पाठ केला.