हातच्या काकणाला आरसा

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

आज माझ्या तोंडून एक म्हण गेली आणि ती अजून माझ्या घशात अडकलेली आहे.

सकाळी मावशी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे साफसफाईला आहेत, नऊ वर्षं झाली. काल त्यांची गैरहजेरी लागली, एक रोज कापला गेला. त्या आल्या होत्या. पावणेआठला मीच त्यांना जिन्यातून बादली नेताना पाहिलं होतं. पण दारातल्या अंगठ्याच्या यंत्राने त्यांना ओळखलं नाही. पाच-सहा वेळा अंगठा लावला, प्रत्येक वेळी आतून बाईचा आवाज, 'प्लीज ट्राय अगेन'. मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्या बाजूला झाल्या आणि झाडू घेऊन कामाला लागल्या. संध्याकाळी घरी जाताना पुन्हा तेच.

माझ्यापुढे पगारपत्रक होतं. मान वर न करता मी म्हणाले, "मावशी, हाजीर तो वजीर. यंत्रात नोंदच नाही तर मी तरी काय करू?"

त्या काही बोलल्या नाहीत. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला आणि गेल्या.

चार महिन्यांपूर्वीपर्यंत मी कारकून होते. हजेरीचं काम माझ्याकडे आलं ते बढतीबरोबर. 'हाजीर तो वजीर' ही म्हण मी आयुष्यभर ऐकत आले, पण खुर्चीवर बसून कुणाला तरी ऐकवण्याची ही पहिलीच वेळ. आणि ती इतकी सहज आली, की जणू ड्रॉवरमध्ये आधीच्या माणसाने माझ्यासाठी ठेवून दिली होती.

शनिवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आमचा मुकादम बी हेच म्हणायचा."

1972 च्या दुष्काळात आई सतरा वर्षांची होती, नुकतंच लग्न झालेलं. बीडकडे त्या साली पिण्याच्या पाण्याचेही हाल होते. खडी फोडायच्या कामावर ती सासूबरोबर जायची. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, या दोन चवी ती अजून विसरलेली नाही. मिलोची भाकरी थापताना कशी चिरायची ते सांगताना आजही तिचे तळहात एकमेकांवर फिरतात.

एके दिवशी विहिरीवर नंबर लागायला उशीर झाला. ती कामावर पोचली तेव्हा मुकादमाने मस्टर वाचून संपवलं होतं. "हाजीर तो वजीर," तो म्हणाला आणि वही काखेत मारली. आई परत गेली नाही. परत गेलं तर पुढच्या आठवड्यात नाव कटेल ही धास्ती. दिवसभर तिने खडी फोडली. आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे वाटले तेव्हा तो दिवस त्यात नव्हता.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करनार? ज्याच्या हाती ससा तो पारधी. पेन त्याच्या हातात व्हतं."

मग तिने जे विचारलं त्याने मला झोप लागणार नाही. "तुझ्या त्या मावशी समोर उभ्या व्हत्या ना गं? मग हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो?"

रविवार

दुपारभर म्हणींचाच विचार डोक्यात.

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर तीन पाट्या आहेत. एकीवर 'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी'. दुसरीवर 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे'. तिसरी आळसाबद्दल. तिन्ही चांगल्याच आहेत, मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. मी स्वतः कष्टाने इथवर आले आहे. पण 'कुंपणच शेत खातं' ही पाटी मी कुठल्याही ऑफिसात पाहिलेली नाही. 'तळं राखील तो पाणी चाखील', 'बळी तो कान पिळी', 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार', 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड', यांतली एकही भिंतीवर नसते. कामाच्या म्हणी भिंतीवर लागतात. सत्तेच्या म्हणी जिन्याखाली डबा खाताना बोलल्या जातात.

या दुसऱ्या म्हणी ज्यांनी घडवल्या त्यांना अधिकाराची फार बारीक ओळख होती. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो' हीच घ्या. एका दिवसाची मजुरी गेली हे नुकसान मोठंच, पण खरी भीती पुढची आहे. आज चाललं म्हणून उद्याही चालेल, परवा तोच नियम होईल. मी मावशींचा एक रोज जाऊ दिला तर पुढच्या महिन्यात यंत्र आणखी कुणाला नाकारेल आणि माझी मान तेव्हाही पगारपत्रकातच असेल. काळ सोकावतो म्हणजे काय, हे मला चार महिन्यांत कळलं.

आणि काही म्हणी अशा की त्यांचा अर्थ आपण कुठे उभं राहून वाचतो त्यावर बदलतो. शाळेत आम्हाला 'पाटलाचं घोडं, महाराला भूषण' ही म्हण होती. अर्थ लिहायचा: दुसऱ्याच्या मोठेपणावर आपण मिरवणे. पैकीच्या पैकी गुण. त्या घोड्यापुढे धावणाऱ्या माणसाला मिळत काय होतं, हे कुणी विचारलं नाही. वतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची कामं, वेळीअवेळी, सांगेल तशी. बदल्यात थोडी जमीन आणि बलुतं. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच वेठीविरुद्ध. ती वतनं कायद्याने संपवायला 1958 साल उजाडावं लागलं. हा सगळा इतिहास त्या चार शब्दांच्या खाली दाबलेला होता आणि आम्ही वहीत 'मिरवणे' असं लिहून मोकळे झालो.

'हाजीर तो वजीर'चंही तसंच. हाजीर आणि वजीर हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने दरबारात आले. दरबारात ही म्हण खरी असेल. जो समोर उभा त्याच्यावर धन्याची नजर पडायची, त्याचं काम व्हायचं. पण खडीच्या ढिगापाशी कोण वजीर होणार होतं? तिथे हजर राहून मिळणार होती ती एका दिवसाची मजुरी, आणि तीही मुकादमाच्या मर्जीवर.

आईच्या आयुष्यात ही गोष्ट थोडी तरी बदलली ती म्हणीने नाही, कायद्याने. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरला आधी प्रयोग करून पाहिलेली रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात राज्यभर आली. मजुरांनी तहसिलीवर मोर्चे काढले, त्यात बायका पुढे. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर कापून त्यासाठी पैसा उभा केला गेला. माझ्या पगारपत्रकात आजही तो रकाना आहे. घोषणा होती, 'मागेल त्याला काम'. मुकादम तेच राहिले असतील, मस्टरमध्ये खोटी नावंही घुसली असतील, पण काम मागणं ही मेहेरबानी उरली नाही. आई म्हणते, "नंतर आमी तलाठ्याला इचारायला जायचो, घाबरत नव्हतो गं बाई." 'गाव करी ते राव न करी' ही म्हण मी तिच्याच तोंडून ऐकलेली आहे.

सोमवार

आज सकाळी साडेसातलाच गेले. मावशींना बोलावलं आणि म्हटलं, "हात दाखवा."

त्यांना आधी वाटलं मी रागावले. मग त्यांनी हात पुढे केला. फिनेल, ॲसिड, कपडे धुण्याचा सोडा, आणि बाहेर चार घरची धुणीभांडी. अंगठ्याच्या पेरावर रेषा नाहीतच. कातडी गुळगुळीत, मध्ये दोन चिरा, कडेला पांढरं झालेलं. नऊ वर्षं आमच्या फरश्या पुसून त्यांचा अंगठा पुसला गेला, आणि आमचं यंत्र म्हणतं ही बाई आलीच नाही.

मी त्यांची माफी मागितली. टेबलापाशी इतर दोघं बसले होते, त्यांच्यासमोरच मागितली, कारण ती म्हणही मी त्यांच्यासमोरच म्हटली होती. मावशी गोंधळल्या. "असू द्या मॅडम, तुमचं काय चुकलं," म्हणाल्या. माझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे.

मग दुरुस्तीचा अर्ज लिहिला. 'सदर कर्मचारी गुरुवारी सकाळी पावणेआठ वाजता कामावर असल्याचे मी समक्ष पाहिले आहे.' खाली माझी सही, हुद्द्यासकट. हे चार महिन्यांतलं माझ्या हुद्द्याचं पहिलं खरं काम. साहेबांनी विचारलं, यंत्र असताना कागद कशाला. मी म्हटलं, यंत्र चुकतंय, आणि जिचा अंगठा कामाने झिजलाय तिच्याच पगारातून त्या चुकीचे पैसे आपण कापतोय. ते अर्ज ठेवून घेतो म्हणाले. आणखी चार जणींचे अंगठे असेच आहेत, त्यातली एक बागकामाची. त्यांची नावंही जोडली.

दारापाशी एक दोनशे पानी वही ठेवली, वेळ आणि सही. वर जाड अक्षरात तारीख घातली. पहिलं नाव मावशींचं. त्या वाकून, ओठ हलवत, एकेक अक्षर काढत होत्या.

संध्याकाळी निघताना पुन्हा आल्या. "उद्या अंगठा लावू का सही करू?"

"दोन्ही करा," मी म्हटलं. "अंगठा लागला नाही तर मला हाक मारा."